सकाळी वेळेवर अंथरूण सोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाग येणं, डोळे उघडणं, उठून बसणं आणि अंथरूण सोडणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपलं सकाळचं घोडं या चारांपैकी नेमकं कुठे अडतं, हे बहुतेकांनी कधी नीट पाहिलेलं नसतं. माझं कित्येक वर्षं दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडायचं. आता बरीच वर्षं मी साडेपाचला उठते, आणि त्यामुळे घरचे, शेजारचे, मैत्रिणी, त्यांची मुलं हे प्रश्न मला विचारत असतात. तेच इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पहाटे पांघरुणात असलेल्या माणसाकडून निश्चयाची अपेक्षा ठेवू नये. त्याच्या वाटचं काम आदल्या दिवशी, पूर्ण जागं असताना करून ठेवावं.

गजर ऐकू येतो, जागही येते, पण उठवत नाही. हा आळसच ना?

नाही, आणि हा शब्द स्वतःला किंवा मुलांना लावणं आधी थांबवा. बटण दाबलं की दिवा लागतो, तसा मेंदू लागत नाही. ऐकणं, हातपाय हलवणं ही कामं आधी सुरू होतात. पुढचा विचार करून निर्णय घेणारा, कपाळामागचा भाग सगळ्यांत उशिरा ताळ्यावर येतो. या मधल्या काळाला झोपेचं जडत्व म्हणतात. ते साधारण १५ ते ३० मिनिटं टिकतं. झोप अपुरी असेल किंवा गाढ झोपेतून कुणी ओढून काढलं असेल, तर तासभर किंवा त्याहूनही जास्त.

त्या अर्ध्या तासात मनात येणारी वाक्यं आठवून बघा. "आजच्या दिवस राहू दे." "रात्री उशीर झाला होता, झोप पूर्ण व्हायला नको का?" "आंघोळ पटकन उरकली तर वीस मिनिटं सहज निघतात." प्रत्येक वाक्य पटतं, कारण ते तपासून बघणारा भाग अजून पेंगत असतो. म्हणून त्या वेळी स्वतःशी वाद घालू नका.

त्याऐवजी एक हालचाल ठरवून ठेवा. माझी अशी आहे: गजर वाजला की उठून बसायचं आणि बसल्या बसल्या पांघरुणाची घडी घालायची. कोपऱ्याला कोपरा लावून, नीट. चादर मांडीवरून निघाली की अंगाची ऊब जाते, हातांना काम मिळतं, आणि परत आडवं व्हायचं तर घातलेली घडी मोडावी लागते. घडी उशीवर ठेवेपर्यंत माझे पाय जमिनीला लागलेले असतात. तुमची हालचाल वेगळी असेल: चष्मा लावणं, पाण्याचा पेला रिकामा करणं, खिडकी उघडणं. ती एकच असावी आणि रोज तीच असावी, म्हणजे तिच्यासाठी डोकं चालवावं लागत नाही.

पहाटेचीच झोप इतकी गोड का लागते?

साखरझोप हा शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा वापरला, त्याने झोप बारकाईने अनुभवली होती. रात्रीची झोप एकसारखी नसते. गाढ, ठोकळ्यासारखी झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होऊन जाते. उत्तररात्री झोप हलकी होत जाते आणि स्वप्नांची झोप लांबत जाते. पहाटे आपण झोपेच्या पृष्ठभागाजवळ असतो: आवाज कानावर पडतात, कूस बदलल्याचं कळतं, उशीचा गारवा जाणवतो. झोपेत असल्याचं सुख जाणवण्याइतके आपण त्याच वेळी जागे असतो. ही झोप फुकटची नव्हे. रोज पहाटेचे दोन तास कापले तर स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा कापला जातो. म्हणून पुढचं उत्तर महत्त्वाचं आहे.

साडेपाचला उठायचं तर झोपायचं किती वाजता?

प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२. हे तास प्रत्यक्ष झोपेचे आहेत, अंथरुणावर पडून राहण्याचे नाहीत. डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, मध्ये एकदोनदा जाग येते. म्हणजे सात तासांसाठी साडेसात तास बाजूला काढायला हवेत. साडेपाचला उठायचं तर दहाला दिवा बंद.

ज्यांचं काम, घर, लहान मूल, आजारी माणूस यातून साडेअकराच्या आधी पाठ टेकणं शक्यच नाही, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की साडेपाचचा हट्ट सोडा. सात वाजता उठा आणि रोज सातलाच उठा. वेळेवर उठणं म्हणजे आपल्या ठरलेल्या वेळेवर उठणं. ती वेळ पहाटेचीच असावी असं कुठे आहे? झोप कापून मिळवलेली पहाट दुपारी पेंगण्यात जाते, आणि वाहन चालवणाऱ्यांसाठी तर ती धोक्याची असते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते.

दहाला दिवा बंद करते, पण बारापर्यंत डोळे टक्क उघडे. मग काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि याच्या उत्तराशिवाय बाकी सगळं फुकट आहे.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे साचत जाणारी झोप. आपण जितका वेळ जागे, तितका मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठतो आणि डोळे जड होतात. दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ, जे दिवसभर आपल्याला जागं धरून ठेवतं. गंमत अशी की हे घड्याळ आपल्या नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास सगळ्यांत जोर लावतं. रोज बाराला झोपणारा माणूस साडेनऊ-दहाला आडवा झाला, तर तो नेमका त्या जोराच्या वेळी झोपायला गेलेला असतो. मग कुशी बदलणं, घड्याळ बघणं, उद्याची काळजी, आणि शेवटी "मला लवकर झोपच येत नाही" हा समज.

म्हणून सुरुवात रात्रीकडून करू नका, सकाळकडून करा. उठायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. दोन-तीन दिवस ती तशीच ठेवा, मग आणखी पंधरा मिनिटं. आठवरून सहावर यायचं म्हणजे असे आठ टप्पे, साधारण तीन आठवडे. या काळात झोपायला मात्र डोळे जड झाल्यावरच जा. सकाळी लवकर उठलेल्या माणसाची साचलेली झोप रात्री आपोआप लवकर दाटते. आठवडाभरात जांभई अलीकडे सरकलेली दिसेल.

आडवं होऊन वीसेक मिनिटं झाली आणि झोपेचा पत्ता नसेल तर उठा. मंद उजेडात बसा, काहीतरी शांत वाचा किंवा कपड्यांच्या घड्या घाला, आणि पेंग आली की परत या. तळमळायची सवय गादीला लागली की ती मोडायला फार दिवस लागतात.

शरीरातलं घड्याळ म्हणजे नुसतं बोलायची पद्धत, की खरंच काही असतं?

खरंच असतं. १७२९ मध्ये दे मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. माणसाच्या बाबतीत मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाची गोष्ट मला फार आवडते. १९६२ मध्ये तो आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. मनाचा हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला होता. शरीराचा मात्र नाही: त्याचा झोपण्या-जागण्याचा फेरा त्या काळोखातही २४ तासांहून थोडासाच मोठा राहिला.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. सुमारे वीस हजार पेशींचा तो पुंजका आहे. पेशींमध्ये ही टिकटिक जनुकांमुळे कशी चालते हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आपल्यासाठी कामाची गोष्ट ही, की बहुतेक माणसांमध्ये हे घड्याळ २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठं असतं. रोज कुणी तरी ते अलीकडे आणून बाहेरच्या दिवसाशी जुळवावं लागतं. नाही जुळवलं तर झोप आपसूक उशिराकडे सरकते. सुट्टीत चार दिवसांत आपण रात्री एकपर्यंत पोचतो, पण परत दहावर यायला आठवडे लागतात, त्याचं कारण यात आहे. आणि हे जुळवण्याचं काम उजेड करतो.

मग उजेड किती आणि कधी घ्यायचा?

उठल्यापासून पहिल्या तासात, घराबाहेर, पंधरा ते तीस मिनिटं. आभाळ भरलेलं असेल तर जरा जास्त.

"घरात दिवे लावलेत की" असं लोक म्हणतात. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. घरातल्या खोलीत रात्री साधारण १०० ते ३०० लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार, आणि लख्ख उन्हात लाखाच्या आसपास. डोळा पटकन सरावतो म्हणून हा फरक आपल्याला कळत नाही, पण घड्याळाला कळतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचा बघण्याशी फारसा संबंध नाही. त्या उजेड मोजतात आणि घड्याळाला कळवतात, विशेषतः निळसर उजेड. थेट सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उघड्यावर असायचं. गॅलरी, गच्ची, अंगण, दारातली पायरी, काहीही चालेल.

यात एक मेख आहे आणि ती माहीत नसल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. आपल्या नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यांत कमी असतं. त्यानंतरचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो आणि त्याआधीचा उजेड ते आणखी उशिराकडे ढकलतो. रोज नऊला उठणाऱ्याने उत्साहाच्या भरात एकदम चारचा गजर लावला आणि झगझगीत दिव्याखाली बसला, तर त्याच्या शरीराला तो सकाळचा उजेड वाटत नाही, लांबलेली रात्र वाटते. पंधरा-पंधरा मिनिटांनी सरकायचं ते यासाठीच.

रात्री उलटं करायचं. झोपायच्या दोन तास आधी मोठे दिवे बंद, एखादा पिवळसर छोटा दिवा पुरे. आमच्याकडे जेवणं झाली की छताचा दिवा जातो आणि कोपऱ्यातला लागतो. लहान मुलंसुद्धा त्या उजेडात हळू बोलायला लागतात. आणि झोपायच्या खोलीचा पडदा वीतभर उघडा ठेवा. गजराच्या आधी ती उजेडाची पट्टी आत येते, भिंतीवरून खाली सरकते, आणि कानापर्यंत काही पोचायच्या आत पापण्यांपर्यंत पोचलेली असते. रस्त्यावरचा दिवा थेट खिडकीत येत असेल तर मात्र पडदा पूर्ण बंदच बरा.

स्नूझ, म्हणजे गजर थोड्या वेळाने परत वाजवायचं बटण, दाबणं खरंच इतकं वाईट आहे?

जितकं रंगवलं जातं तितकं नाही. २०२३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नेहमी स्नूझ करणाऱ्या ३१ जणांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं. अर्धा तास स्नूझ केल्याने त्यांची झोप सहाएक मिनिटांनी कमी झाली, पण उठल्यावरच्या काही बौद्धिक चाचण्यांमध्ये ते मागे पडले नाहीत, उलट काहींत थोडे सरसच ठरले.

माझा आक्षेप वेगळा आहे. स्नूझमुळे गजराचा अर्थ बदलतो. पहिला गजर म्हणजे "उठ" न राहता "अजून वेळ आहे" असा होतो, आणि हे शरीर फार लवकर शिकतं. एकदा शिकलं की ते पहिल्या गजराला दाद देत नाही, मग दुसऱ्याला, मग हात आपोआप बटणावर जातो आणि नंतर आठवतही नाही. मी एका महत्त्वाच्या मुलाखतीच्या दिवशी पाच गजर लावले होते. जाग आली तेव्हा पाचही बंद केलेले होते, सव्वानऊ वाजले होते, आणि ते बंद करणारी मीच होते. ती नोकरी गेली. एक गजर, खऱ्या वेळेचा, हे मी त्यानंतर पाळत आले आहे. साडेसहाला उठायचं असेल तर सहाचा गजर लावू नका. तो अर्धा तास सलग झोपा.

फोन उशाशी ठेवू की लांब?

लांब. शक्यतो खोलीच्या बाहेर, आणि गजरासाठी साधं घड्याळ. फोनचा उजेड झोपेच्या आड येतो हे खरं, पण त्याहून जास्त आड येतं ते त्यात दिसणारं. एक निरोप वाचला की मन त्याच्या मागे जातं. सकाळी तर फोन हातात घेऊन आडवं राहणं म्हणजे "मी जागा आहे" या समजुतीत चाळीस मिनिटं घालवणं. जाग आली, डोळे उघडले, अंथरूण मात्र सुटलं नाही.

घड्याळ इतकं लांब ठेवा की बंद करायला चार पावलं चालावी लागतील, आणि ते अशा जागी ठेवा जिथे पुढचं काम आहे: पाण्याच्या पेल्याशेजारी किंवा न्हाणीघराच्या वाटेवर.

गजराचा आवाज कसा असावा?

चाल असलेला, हळूहळू चढणारा. कर्कश भोंग्याने दचकून उठणाऱ्यांपेक्षा सुरेल गजराने उठणारे कमी सुस्त असल्याचं सांगतात. स्वतःचं आवडतं गाणं मात्र लावू नका, महिन्याभरात त्याचा तिटकारा येतो.

झोप नव्वद मिनिटांच्या पटीत मोजून गजर लावला तर ताजंतवानं वाटतं म्हणे?

झोपेचा एक फेरा सरासरी ९० मिनिटांचा हे बरोबर, पण तो ७० पासून १२० मिनिटांपर्यंत कितीही असतो. तो माणसागणिक आणि एकाच रात्रीतसुद्धा बदलतो. शिवाय डोळा नेमका कधी लागला हे तुम्हाला कळणार कसं? या गणितापायी साडेसात तासांऐवजी सहाच तास झोपणारे लोक मी पाहिले आहेत. हिशेब सोडा, तास पुरे करा.

काही लोकांना गजराशिवाय ठरल्या वेळी जाग येते. ते कसं?

जर्मनीत लुबेकच्या संशोधकांनी १९९९ मध्ये हे तपासलं. काही जणांना सांगितलं की सकाळी सहाला उठवू, काहींना सांगितलं नऊला. ज्यांना सहा सांगितलं होतं, त्यांच्या रक्तात शरीराला जागं करणाऱ्या तयारीचं एक संप्रेरक पाचच्या सुमारासच वाढू लागलं. नऊ सांगून अचानक सहाला उठवलं, त्यांच्यात ही तयारी झालेली नव्हती. म्हणजे झोपताना मनात धरलेली वेळ शरीर झोपेतही सांभाळतं.

म्हणूनच "उद्या बघू, जमलं तर उठू" असं म्हणून झोपू नका. दिवा बंद करताना उठायची वेळ स्पष्ट मनात म्हणा. वेळ रोज तीच असेल तर हे आणखी पक्कं होतं. मला हल्ली गजराच्या पाच-सात मिनिटं आधी जाग येते, आणि तशी आलेली जाग वेगळीच असते: अंगात जडपणा नसतो.

सुट्टीच्या दिवशी तरी मनसोक्त झोपू का?

तासभर जास्त, चालेल. तीन तास जास्त झोपलात तर शरीराच्या दृष्टीने तुम्ही तीन तास पश्चिमेच्या एखाद्या देशात जाऊन आलात आणि कामाच्या पहिल्या सकाळी विमानातून उतरलात. टिल रोनेनबर्ग या जर्मन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला "सोशल जेटलॅग" असं नाव दिलं. आठवड्याची झोप बाकी राहिलीच असेल तर सकाळी लोळण्यापेक्षा रात्री लवकर आडवं व्हा, किंवा दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी काढा. तासभराची डुलकी काढलीत तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि संध्याकाळ चिडचिडीत जाते.

मी मुळातच घुबडाच्या जातीचा आहे. रात्री अकरानंतरच माझं डोकं चालतं. बदलता येईल?

थोडंफार. कुणी पहाटेचा, कुणी रात्रीचा, हे बरंचसं आईवडिलांकडून येतं आणि वयानुसार बदलतं. नियमित वेळ आणि उजेड यांनी तासा-दोन तासांचा फरक पडतो, घुबडाची चिमणी होत नाही. तुमचं काम परवानगी देत असेल तर सात-साडेसातला समाधानाने उठा. लवकर उठणारे अधिक गुणी असतात ही समजूत मला मान्य नाही. जगाचं वेळापत्रक त्यांच्या सोयीचं आहे, एवढंच.

आमचा सोळा वर्षांचा मुलगा हाका मारून मारून उठत नाही. रोज सकाळी भांडण होतं.

या प्रश्नासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार आहे, कारण आमच्याही घरात मुलीबरोबर अशा दोन वर्षांच्या सकाळी गेल्या.

वयात येताना मुलांचं घड्याळ खरोखर उशिराकडे सरकतं. रात्रीची चाहूल देणारं मेलाटोनिन त्यांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा उशिरा वाढतं, आणि साचलेली झोपही त्यांना आपल्याइतक्या लवकर पाडत नाही. त्याच्यासाठी सकाळचे सहा म्हणजे तुमचे चार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये याच कारणासाठी मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. शाळेची वेळ आपल्या हातात नसते. पण तो उद्धटपणाने झोपलेला नाही, हे मनात पक्कं झालं की आपला आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की सकाळ बदलते.

दारातून दहा हाका मारू नका. त्या त्याच्यासाठी स्नूझ होतात. एकदाच खोलीत जा, पडदा सारा, पंखा बंद करा, शेजारी बसा, खांद्यावर किंवा पावलावर हात ठेवा. मुलगी मला म्हणाली होती, "आई, तू काही बोलू नकोस, नुसती बसून राहा." मी बसायचे. दोन मिनिटांनी ती हात वर करायची, मी तो धरून तिला उठून बसवायचे. एवढंच. तिने उठून बसेपर्यंत शाळा, दप्तर, अभ्यास यातला एकही शब्द नाही.

आणि आधी रात्रीचं बघा. शिकवणी, गृहपाठ, फोन हे सगळं साडेअकरापर्यंत चालणार असेल, तर सहाला त्याची झोप साडेसहा तासांचीच झालेली आहे. अशा मुलाला उठवण्याची कोणतीही युक्ती माझ्याकडे नाही. त्याच्या दिवसातलं काहीतरी कमी करावं लागेल, आणि ते ठरवण्याची जबाबदारी आपली आहे.

चहा-कॉफीचं काय?

कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून झोप आल्याचं कळत नाही. प्यायलेल्यापैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही निम्मा अंगात असतो. दुपारी दोननंतर बंद करून एक आठवडा बघा. रात्री दारू घेतल्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुकड्या-तुकड्यांची होते.

थंडीत उठवतच नाही.

बाहेर उशिरा उजाडतं आणि पांघरुणाबाहेर गार असतं, दोन्ही गोष्टी विरुद्ध. स्वेटर आणि पायमोजे उशाशी ठेवा, पांघरुणातच चढवा. हिवाळ्यात वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली तर त्यात पराभव नाही.

वडिलांना पहाटे चारला जाग येते आणि मग झोप लागत नाही.

उतारवयात घड्याळ अलीकडे सरकतं. ते आठलाच झोपत असतील तर चारला त्यांची झोप पुरी झालेली असते. संध्याकाळी त्यांना उजेडात फिरवून आणा, म्हणजे जांभई तासभर पुढे जाईल. मात्र पहाटेच्या या जागेबरोबर उदासपणा, जेवणावरची वासना जाणं, रडू येणं असं काही असेल तर वय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणखी कोणत्या लक्षणांसाठी डॉक्टरकडे जावं?

सात-आठ तास झोपूनही रोज थकल्यासारखं उठणं. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडखळणं, सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं. ही झोपेत श्वास अडण्याची लक्षणं असू शकतात, आणि ती शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतात, म्हणून त्यांना विचारा. रक्त कमी असणं, थायरॉइड मंद असणं, काही औषधं यांमुळेही सकाळ जड जाते. आणि ज्याला उठावंसंच वाटत नाही, दिवस समोर उभा राहिला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, त्याला गजराच्या युक्त्या सांगू नयेत. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत.

मी रात्रपाळी करते. यातलं मला काय लागू आहे?

उठायच्या वेळेचं जवळजवळ काहीच नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं ते घरी जाताना उजेड टाळणं, खोली पूर्ण काळोखी करणं आणि दिवसाची झोप घरच्यांनी रात्रीइतकी मानणं. दाराची घंटा, फोन, कुकरची शिट्टी, सगळं त्या सहा-सात तासांत गप्प असायला हवं.

उठून करायचं काय? काहीच काम नसतं, मग परत झोपते.

हे फार प्रामाणिक कारण आहे. नुसतं "लवकर उठायचं" यासाठी फार दिवस कुणी उठत नाही. काहीतरी असं हवं की जे त्या वेळेलाच होतं, छोटं असतं आणि आवडतं. व्यायाम किंवा अभ्यास असायला हवा असं नाही. माझ्या एका मैत्रिणीने कुंड्यांना पाणी घालायचं काम संध्याकाळवरून सकाळवर आणलं. ती म्हणते, कळी रात्रीत किती उमलली हे बघायला मी उठते. आदल्या रात्री त्याची तयारी दिसेल अशी मांडून ठेवा: झारी भरलेली, वही उघडी, बूट दाराशी.

किती दिवसांत सवय लागते? आणि एखादा दिवस चुकला तर?

एकवीस दिवस वगैरे ठरावीक आकडा नाही. लंडनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला त्या वेगाने २५४ लागले असते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखाद्या दिवशी चुकल्याने घडी विस्कटत नाही.

म्हणून चुकलेल्या दिवशी दोन गोष्टी करू नका. दुपारी भरपाईची लांब झोप घेऊ नका, आणि रात्री "आज नऊलाच झोपते" म्हणून वेळेआधी आडव्या होऊ नका. नेहमीच्या वेळी दिवा बंद करा, घड्याळ पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवा, आणि गजराचा काटा आहे तिथेच राहू द्या.